चौदापैकी चौदा

१

मार्च लागला की चंद्रपुरात माणसांचे दोन गट पडतात, जाणारे आणि राहणारे. राहणारे कूलरच्या गवताच्या ताट्या बदलून घेतात, खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधतात आणि दुपारी बारा ते पाच दार उघडायचं नाही असं ठरवून टाकतात. जाणारे लोकेश वैरागडेच्या ऑफिसात येऊन बसतात.

जटपुरा गेटाजवळच्या गल्लीत, एका दवाखान्याच्या वर, लोकेशचं ऑफिस होतं. सिंगापूर, दुबई, बँकॉक यांना तिथं थारा नव्हता. नागपूरवाले जिथं पोहोचले तिथं आपण जायचं नाही, हा त्याचा बाणा. दर मे महिन्यात वीस-बावीस माणसं घेऊन तो आशियातल्या एखाद्या अशा गावी जायचा, ज्याचं नाव परत आल्यावरही कोणाला धड सांगता यायचं नाही. एका वर्षी किर्गिझस्तानातलं तळ्याकाठचं खेडं, एका वर्षी तैवानातला चहाचा डोंगर. बहुतेक मंडळी निवृत्त मास्तर, बँकेतली, खाणीतले फोरमन, भद्रावतीच्या कॉलनीतली दोन-तीन जोडपी. खारट चहाबद्दल ती आठ दिवस कुरकुरायची आणि पुढल्या वर्षी पहिलं नाव आपलं लिहा म्हणून सांगून जायची.

मात्र नवी जागा नुसते फोटो पाहून निवडायची नाही, असा नियम होता. एप्रिलमध्ये इंदुताई बोढे एकट्या पुढं जाऊन यायच्या. वरोऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंचे गुडघे पासष्टीतही ठणठणीत होते, आणि जीभ गुडघ्यांहूनही ठणठणीत. लोकेश त्यांच्या हाती छापलेला फॉर्म द्यायचा. संडास आपल्या पद्धतीचा आहे का, न्हाणीची कडी आतून लागते का, दुधाचा चहा मिळतो का, बायकांना खिचडी टाकायला चूल देतात का, असे दहा प्रश्न. इंदुताई तिथं राहून, प्रत्येक गोष्ट हाताळून, लाल पेननं समोर बरोबर किंवा फुली करायच्या. दहापैकी सहा आले की जागा पास. आजवर कुठल्याही गावाला आठच्या वर मिळाले नव्हते, आणि ते आठही इंदुताईंनी नाराजीनंच दिले होते.

यंदा फॉर्मवर चौदा प्रश्न होते. वाढलेले चार लोकेशच्या आईचे होते.

आई म्हणजे कलाबाई, वय एकाहत्तर. मागच्या मे महिन्यात ती वाळवण उचलायला गच्चीवर गेली आणि तिथंच पडली. चार दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी लोकेशला बाजूला घेऊन सांगितलं की पुढचा मे यांना इथं काढू देऊ नका, दुसऱ्यांदा ऊन लागलं तर आमच्या हाती काही राहणार नाही. बाप जाऊन बारा वर्षं झालेली, आणि चव्वेचाळीस वर्षांचा हा गडी अजून आईला विचारल्याशिवाय शर्ट घेत नव्हता. तिला घेऊन जायचं, थंड जागी ठेवायचं, जिवंत परत आणायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण कलाबाई कुठंच यायला राजी नव्हती. होळीनंतर एकदाची ती म्हणाली की तुझ्या त्या कागदात माझे चार प्रश्न टाक, चारही बरोबर आले तर येते.

लोकेशनं हसत हसत टाईप केले. उंबरा मधोमध झिजून खोलगट झाला आहे का? आत शिरताना पाण्याचा माठ डाव्या हाताला आहे का? मागच्या अंगणात असं झाड आहे का, ज्याची फुलं पहाटे खाली पडतात? आणि शेवटचा, चुलीमागच्या भिंतीत बोट जाईल एवढं भोक आहे का?

म्हातारीला यायचं नाही म्हणून तिनं हा खोडा घातला, असं त्यानं धरलं. वेळ आली तर इंदुताईंच्या कानात सांगून खुणा करून घेऊ, असा त्याचा बेत होता.

२

यंदाच्या तीन जागांपैकी दोन आधीच गळाल्या होत्या. तिसरी होती लाओसच्या डोंगरातलं मुआंग सेम. हजारभर वस्ती, एक बाजार, एक लाकडी अतिथीघर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इंदुताई निघाल्या. दिल्ली, बँकॉक, पुढं एक छोटं विमान आणि मग नऊ तासांची बस.

त्यांचे व्हॉइस मेसेज दुपारी दोनच्या सुमारास यायचे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि लोकेश शटर अर्धं ओढून कूलरसमोर बसलेला असायचा. पहिल्या मेसेजात इंदुताई खूश होत्या. रात्री पांघरूण लागतं, सकाळी डोंगरावर ढग उतरतात, बांबूच्या टोपलीत चिकट भात देतात, तो त्यांनी आंब्याच्या लोणच्यासोबत खाल्ला. घराची मालकीण एकटीच बाई आहे, इंग्रजीचा एक शब्द येत नाही, खुणांनी चाललं आहे.

तिसऱ्या दिवशी फॉर्मचा फोटो आला. लोकेशनं तो सवयीनं वरून खाली पाहिला. संडास, बरोबर. कडी, बरोबर. दुधाचा चहा, बरोबर. चूल, बरोबर. दहाच्या दहा. इंदुताईंना ताप तर नाही आला, असं त्याला गमतीनं वाटलं. मग त्यानं फोटो वर सरकवला. खालच्या चार ओळींसमोरही लाल पेनाच्या चार खुणा होत्या, जाड, दोनदा गिरवलेल्या. इंदुताईंना खात्री असली की त्या खूण दोनदा गिरवत.

खाली त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, चौदापैकी चौदा. माझ्या नोकरीतही असा पेपर पाहिला नाही.

लोकेशनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं होतं. त्यानं खुणा पुन्हा एकदा मोजल्या. मग त्याच्या लक्षात आलं की ही गोष्ट सरळ आहे आणि आपण उगाच घाबरलो. आपल्याला जी युक्ती सुचली ती आईलाही सुचली असणार. तिनंच इंदुताईंना फोन केला असणार.

३

घरी आल्यावर त्यानं आईला विचारलं. कलाबाई जेवण आटोपून भिंतीला टेकून बसली होती. इंदुताईंचा नंबरही आपल्याकडे नाही, असं ती म्हणाली. लोकेशनं तिचा फोन तपासला. खरंच नव्हता. त्यात सात नंबर होते आणि सातही नात्यातले होते. मग तिला यायचंच नव्हतं तर ती फोन तरी कशाला करेल, हेही त्याला उशिरानं सुचलं.

चौदा आले हे ऐकून तिला नवल वाटलं नाही. तिनं फक्त मान हलवली.

"मंग भेटली जागा," ती म्हणाली. "कधी निघाचं?"

त्या चार प्रश्नांतलं घर कोणतं हे लोकेशला माहीत होतं, फक्त आजवर त्यानं तिकडं पाहिलं नव्हतं. ते खैरबोडीचं घर. तिथंच तो जन्मला. उंबऱ्याच्या खोलगट भागात बसून तो बोरं खायचा, डावीकडच्या माठाखाली बेडूक असायचा, मागं मोहाचं झाड होतं. तो नऊ वर्षांचा असताना खैरबोडीखाली कोळसा निघाला आणि गाव उठलं. घरं पाडली, विहीर बुजवली, मग मशीनं आली. आज तिथं दोनशे फूट खोल खड्डा आहे. त्यात पिवळे डंपर फिरतात आणि वरून पाहिलं तर ते खेळण्यातले वाटतात.

त्या गावाबाहेर पळसाखाली त्याची मोठी बहीण पुरलेली होती. दुर्गा तिचं नाव. तीन वर्षांची होऊन ऊन लागून गेली, तेव्हा लोकेश झोळीत होता. घरात तिचा फोटो नव्हता आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नसे. तो पळसही आता खड्ड्यात गेला आहे.

लोकेशची बायको हर्षा हिशोबी डोक्याची. ती म्हणाली की झिजलेले उंबरे जगभर असतात, माठ एक तर डावीकडं असतो नाहीतर उजवीकडं, झाडांची फुलं पडतातच, आणि लाकडाच्या भिंतीला भोकं नसतील तर काय असेल. आई यायला तयार झाली, देवाचे आभार माना आणि तिकिटं काढा. लोकेशला हे शंभर टक्के पटलं. रात्री झोपही बरी लागली. सकाळी उठून पाहतो तर कलाबाईनं पिशवी भरून दाराशी ठेवली होती. निघायला अजून तीन आठवडे होते.

पिशवीत तिच्या दोन साड्या होत्या. बाकी जागेत नातीचे जुने, लहानपणीचे दोन फ्रॉक घडी करून ठेवले होते. कपाटाच्या तळातून कधी काढले ते कोणाला कळलं नव्हतं. हर्षानं विचारलं तर कलाबाई म्हणाली, असू द्या, थंडी असते तिथं.

४

त्या दुपारी लोकेशनं इंदुताईंना फोन लावला. तो दर वेळी अर्ध्या मिनिटात तुटायचा. शेवटी त्यानं लिहून विचारलं की माझी आई तुमच्याशी बोलली होती का. उत्तरात रागावलेला मेसेज आला. सदतीस वर्षं पेपर तपासले, पण कोणाच्या सांगण्यावरून अर्धा मार्क वाढवला नाही, असं त्यांचं म्हणणं. विश्वास नसेल तर फोटो पाठवते.

फोटो आले. लोकेश ते पाहत राहिला आणि त्याचा गोंधळ वाढला. हे खैरबोडीचं घर नव्हतंच. खांबांवर उभं असलेलं लाकडी घर, वर पत्रा, मागं दाट हिरवा डोंगर. कशाचा कशाशी मेळ नव्हता. उंबरा काळ्या लाकडाचा होता, खैरबोडीचा दगडी होता. पण तो मधोमध झिजला होता, आणि ती झीज त्याला ओळखीची वाटली. मांडी कुठं टेकायची आणि पाय कुठं सोडायचा हे त्याच्या अंगाला आपोआप कळलं. झाड मोहाचं नव्हतं, पण खाली पडलेली फुलं कोणीतरी वेचून सुपात ठेवली होती.

शेवटचा फोटो स्वयंपाकघराचा होता. चूल, धुरानं काळी झालेली फळ्यांची भिंत, आणि हातभर उंचीवर एक भोक. मोठ्या माणसासाठी ते फार खाली होतं. लोकेशनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. भोकातून उजेड दिसायला हवा होता, कारण पलीकडं अंगण होतं आणि दिवस होता. उजेड नव्हता. भोक काहीतरी गुळगुळीत, मातकट रंगाचं बसवून बुजवल्यासारखं दिसत होतं. त्यानं आणखी मोठं केलं तेव्हा सगळे नुसते चौकोन झाले.

मग इंदुताईंचा मेसेज आला. या वेळी त्यांचा आवाज रोजच्यापेक्षा हळू होता.

"लोकेशभाऊ, एक सांगाचं राह्यलं. तो चौदावा प्रश्न होता ना, त्याच्यासाठी मी भोकात बोट घालून पाह्यलं. नुसतं पाहून कशी खूण करू, मनून घातलं. तर पलीकडून कोनीतरी धरलं. लहान हात होता, गरम. दुखवलं नाई. नुसतं धरून राह्यलं. मी मागं जाऊन पाह्यलं तर अंगनात कोनी नाई. बाईले विचारलं, तुह्या घरी लेकरू आहे का? ती मनते, आहे. त्याची माय अजून याची बाकी आहे."

लोकेशनं तो मेसेज तीनदा ऐकला. तिसऱ्या वेळी त्याला भलतंच खटकलं. खुणांनी चाललं आहे, असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. इतकं बोलणं खुणांनी कसं झालं? त्यानं तसं लिहून विचारलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं की अहो, ती काय बोलते ते मला समजतं, कोणत्या भाषेत बोलते त्याकडं लक्ष द्यायचं मी दर वेळी विसरून जाते, आज आठवणीनं पाहते.

५

दोन दिवस लोकेशनं स्वतःची समजूत घातली. बाईचं नातवंड असेल, लपलं असेल. इंदुताई एकट्या, परका मुलूख, वय झालेलं. सहलीच्या माणसांना त्यानं एवढंच सांगितलं की जागा छान आहे, पास झाली आहे. मंडळी खूश झाली. तिकिटं काढायची तारीख सोमवारची ठरली.

पण रविवारी दुपारी त्याला राहवलं नाही. त्यानं पंधरावा प्रश्न पाठवला.

खैरबोडीच्या स्वयंपाकघरात दिवा ठेवायची एक देवळी होती. तो सहा वर्षांचा असताना दिवाळीआधी भिंती नव्यानं सारवल्या, तेव्हा त्यानं त्या देवळीखालच्या ओल्या मातीत एक निळी काचेची गोटी दाबून बसवली होती आणि वरून माती फासली होती. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, हर्षाला नाही. घर पाडलं त्या दिवशी तो त्या गोटीसाठी रडला आणि सगळ्यांना वाटलं की घरासाठी रडतो.

त्यानं गोटीचं नाव घेतलं नाही. एवढंच लिहिलं की चुलीजवळ दिवा ठेवायची जागा असेल तर तिच्याखाली भिंतीत काही आहे का, ते हात लावून पाहा. असलं तर बरोबर, नसलं तर फुली.

पाठवल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. आपण नक्की काय व्हावं म्हणून वाट पाहतो आहोत, हे त्याला सांगता आलं नसतं.

६

उत्तर संध्याकाळी आलं. आधी फॉर्मचा फोटो. खाली इंदुताईंनी हातानं पंधरा आकडा घातला होता आणि त्यासमोर फुली होती. लोकेशनं मोठा श्वास सोडला. पहिली फुली. म्हणजे ते एक साधं घर आहे, चौदा गोष्टी जुळल्या आणि पंधरावी जुळली नाही, संपलं. त्यानं हर्षाला हाक मारून फोटो दाखवला आणि चहा टाकायला सांगितला. चहा गाळून होईपर्यंत मागोमाग मेसेज आला. तो त्यानं हर्षासमोरच लावला.

"हात लावून पाह्यलं, भाऊ. काई नाई. सपाट भिंत. बाई उभीच होती बाजूले. ती हासली नं मने, गोटी अजून कोनी लावली नाई. गोटी लावनारा तर झोळीत आहे. कोनती गोटी, लोकेशभाऊ?"

हर्षानं त्याच्याकडं पाहिलं. गोटीचं काय, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. चहा तसाच राहिला. हिशोबी डोक्याची हर्षा म्हणाली, आईंना तिथं न्यायचं नाही.

लोकेशनं त्याच बैठकीत दोन कामं केली. ग्रुपवर लिहिलं की मुआंग सेम काही अडचणींमुळे रद्द, यंदा पुन्हा किर्गिझस्तान. आणि इंदुताईंना लिहिलं की असाल तशा निघा, पहिल्या गाडीनं. त्यांचं लगेच उत्तर आलं की बस बुधवारी पहाटे आहे, निघते, काळजी करू नका, इथं मला काही त्रास नाही, सगळे फार प्रेमानं वागतात. सगळे म्हणजे कोण, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

आईला काय सांगायचं हे मात्र ठरत नव्हतं. तिथं नेलं तर ती परत येणार नाही, असं त्याला आतून कळून चुकलं होतं. नाही नेलं तर हे ऊन होतंच. सोमवारचा दिवस त्यानं टाळण्यात घालवला.

७

मंगळवारी पारा सत्तेचाळीसवर गेला. लोकेश दुपारी एक वाजताच घरी आला. सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओले, कूलर घरघरत होता. कलाबाई तिच्या खोलीत खाटेवर बसली होती, धुतलेली साडी नेसून, केस विंचरून, पिशवी मांडीशी घेऊन. खोलीत गारवा होता. कूलरचा गारवा त्याला माहीत होता, ओला आणि गवताच्या वासाचा. हा कोरडा होता. अंगावर काटा आला आणि वाटलं की कुठंतरी उंचावरचं दार उघडं राहिलं आहे.

तो तिच्याशेजारी बसला. जागा रद्द झाली, आपण दुसरीकडं जाऊ, तिथं तळं आहे, बर्फाचे डोंगर आहेत, असं त्यानं सांगितलं. आवाज जमेल तेवढा सहज ठेवला. ती ऐकत होती की नाही हे कळत नव्हतं. ती समोरच्या भिंतीकडं पाहत होती, खाली, हातभर उंचीवर. तिथं काही नव्हतं. गुळगुळीत रंगवलेली भिंत होती.

मग ती आपणहून बोलायला लागली.

"तू झोळीत होता. सकाळपासून रडून राह्यला होता. दुर्गी मागं अंगनात खेळे. ती भोकातून बोट घाले अन् मी इकडून धरू. असा खेळ होता आमचा. बोट धरलं की तिले समजे, माय आहे."

चव्वेचाळीस वर्षांत तिच्या तोंडून हे नाव त्यानं पहिल्यांदा ऐकलं.

"त्या दिवशी तिनं बोट घातलं. मले दिसलं. पन तू रडून राह्यला होता, मनून मी उठली नाई. मनलं, याले निजवतो नं जातो."

"मंग?" त्यानं विचारलं.

"मंग काई नाई. बोट लय वेळ होतं तिथी."

त्याला रडू आलं. आपण काय केलं हे त्याला समजत नव्हतं, चार महिन्यांचं पोर दुसरं काय करणार होतं, तरी रडू थांबेना. त्यानं तिचा हात दोन्ही हातांनी धरला. हात थंड होता. बाहेर सत्तेचाळीस डिग्री होते आणि तो हात पहाटे विहिरीवरून आल्यासारखा थंड होता. ऊन लागलं की अंग तापतं, थंड पडत नाही, असं त्याला एवढ्यातही आठवलं, आणि डॉक्टरांना फोन करावा हेही आठवलं. फोन करायला हात सोडावा लागला असता.

"मीबी येतो तुह्यासोबत," तो म्हणाला. "जिथी म्हनशीन तिथी येतो. एकटी नको जाऊ."

कलाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत माया होती, ती त्यानं नीट पाहिली.

"तुले नाई बोलावलं, बापू."

फोन खिशात थरथरला. त्याला तो पाहायचा नव्हता. पण घंटा पुन्हा झाली, मग पुन्हा, आणि आईचा हात एका हातात धरून त्यानं दुसऱ्या हातानं तो काढला. इंदुताईंचा मेसेज होता. अंगठ्यानं दाबला.

"लोकेशभाऊ, कमाल करता तुमी. येऊन राह्यल्या मनून कळवलं पन नाई. आता पोचल्या तुमच्या आई. गाडी कुठी दिसली नाई, पायीच आल्या वाटते, पन थकल्या नाई. मागं भेटल्या तेव्हापेक्षा लय तरुन दिसतात हो. मले ओळखलं नाई, सरळ मागं गेल्या अंगनात. बसल्या आहेत लेकराले घेऊन. मी उद्या पहाटे निघतो, त्याहिची काळजी नका करू."

मेसेज संपायला चार-पाच सेकंद उरले होते. इंदुताई बोलायच्या थांबल्या होत्या, फोन हातात तसाच राहिला असावा. मागं एक बाई लहान मुलाशी बोलत होती. शब्द कळत नव्हते. लाडानं खोटं खोटं रागवावं तसा सूर होता, आणि मधूनच हसणं. तो आवाज लोकेशनं इतका कोवळा कधी ऐकला नव्हता, पण कोणाचा आहे याबद्दल त्याला शंका राहिली नाही.

त्यानं मान वर केली. आई समोरच होती. हात त्याच्या हातात होता, श्वास चालू होता, छाती संथ वरखाली होत होती. आता हात थंडही नव्हता, साधा होता. तो तिला हाक मारणार तेवढ्यात तिनंच त्याच्याकडं पाहिलं. मग गडबडीनं मोकळा हात वर नेऊन तिनं पदर डोक्यावर घेतला आणि जरा सरकून बसली.

"कोन्या गावचे तुमी, भाऊ?" तिनं विचारलं. "भर उन्हाचे आले. पानी घ्या."

लोकेशनं हात सोडला नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग परक्या माणसाला वाईट वाटू नये अशा बेतानं, त्याची बोटं एकेक करून सोडवली.